एकाच पट्ट्याचं मशीन

"या दोघांना एका मशीनवर ठेवू नकोस," असं नणंदेनं तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बजावलं तेही खोकी उघडता उघडता, दातात चिकटपट्टीचा तुकडा धरून. नवऱ्याची नोकरी सुटली होती. भाड्याचं घर सोडून दोघं सासऱ्यांच्या तळमजल्यावरच्या घरात राहायला आली होती, आणि मदतीला म्हणून आलेली नणंद सामान कमी लावत होती, सल्ले जास्त देत होती. ठकी तेव्हा पोटात होती.

"का हो ताई, भांडतात की काय?"

"भांडले असते तर मी पेढे वाटले असते. भांडत नाहीत हीच तर पंचाईत आहे. बाबा त्याला काही सांगणार नाहीत, तो बाबांना काही विचारणार नाही. आई होती तोवर तिच्या तोंडून निरोप जायचे. 'तुझ्या वडलांना म्हणावं', 'तुमच्या चिरंजीवांना म्हणावं'. एका खोलीत बसून हं. आता कोण आहे मध्ये?"

"मी आहे की," ती म्हणाली आणि हसली.

नणंदेनं दातातली पट्टी काढून खोक्याला चिकटवली. "हस बाई. नवीन आहेस."

ठकीच्या आईनं ते हसण्यावारीच नेलं. दोन शहाणी, प्रेमळ माणसं. त्यांच्यात निरोप्याचं काम करणं म्हणजे काय मोठं? कॉलेजात सांख्यिकी शिकलेली, आकडे लावून जग समजून घ्यायची सवय असलेली मुलगी ती. तिला वाटलं, सासरचं माणूस आहे, थोडं तिखटमीठ लावून बोलणारच.

मशीन म्हणजे सासऱ्यांचं मिलिंग मशीन. स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत ते उभं होतं, पुरुषभर उंच, हिरव्या रंगाचे पोपडे उडालेलं. मध्ये भिंत कसली, प्लायवूडचा आडोसा. कारखाना बंद पडला तेव्हा सासरे तिथे फोरमन होते. बाकीच्यांनी कपाटं नेली, पंखे नेले, यांनी भंगारात निघालेलं हे धूड घरी आणलं. सासूबाई 'सवत आणली' म्हणाल्या आणि पिंपं हलवून सवतीला जागा करून दिली. गल्लीत सासऱ्यांना अजूनही सगळे फोरमनच म्हणत. कुणाच्या कुकरचा दांडा, कुणाच्या फाटकाची बिजागरी, काही ना काही हातात घेऊन माणसं दाराशी उभी असत.

धातूचा तुकडा खाली शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, घट्ट आवळायचा, वरून गरगर फिरणारा कटर आणायचा, आणि नको तेवढा धातू खरवडून काढायचा. मिलिंग म्हणजे एवढंच. कटर रुंद असेल तर सावकाश फिरवायचा, बारीक असेल तर जोरात. वेग बदलायचा तर मशीन थांबवून वरचं झाकण उघडायचं, मोटर ढिली करायची, पट्टा पुलीच्या एका पायरीवरून दुसरीवर चढवायचा, परत सगळं आवळायचं. सासरे हे इतक्या निवांतपणे करत की बघणाऱ्याला जांभई यावी. आणि काहीही झालं तरी हिरवं बटण दाबण्याआधी झाकण उघडून पट्ट्याला हात लावत. पट्टा कुठल्या पायरीवर आहे ते त्यांची बोटं सांगत. हात लावल्याशिवाय बटण नाही, मग बाहेर घराला आग लागलेली असो.

आणि मुलगा? मुलाला घरात लहानपणापासून घाईराव म्हणत. एक घास तोंडात असताना दुसरा हातात आणि नजर तिसऱ्यावर. नोकरी सुटल्यावर तो महिनाभर भिंतीकडे बघत बसला होता. ठकीच्या आईनं ते दिवस पाहिले होते. दाढी वाढलेला, अंघोळीला दुपार करणारा, 'काय झालं' विचारलं की 'कुठे काय' म्हणणारा नवरा. मग एक दिवस तो उठून मागच्या खोलीत गेला आणि वडलांच्या मशीनवर कुणाचीशी नावाची पाटी कोरून बाहेर आला. केसांत ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता. तिला वाटलं, आलं माझं माणूस परत.

कामं येऊ लागली. पाट्या, चष्म्याच्या फ्रेमचे साचे, वाद्यांच्या खुंट्या. सगळी नाजूक, दाभणाएवढ्या कटरनं करायची. तो कटर त्या म्हाताऱ्या मशीनवर जोरात फिरेना. दामटला तर मोडे, सांभाळला तर एकेका पाटीला अख्खा दिवस खाई. ठकी झाली, पालथी पडायला लागली, रांगायला लागली, आणि तिचा बाप जेवायला यायचा तोही कानात कापूस घालून.

म्हणून घाईराव जेव्हा म्हणाला, "मशीनचा वेग वाढवतो, नवी मोटर बसवतो," तेव्हा सगळ्यात जास्त आनंद ठकीच्या आईला झाला. वेग दुप्पट म्हणजे वेळ निम्मा. दुपारनंतर नवरा घरात, माणसात. हिशेब सरळ होता.

"बाबांना सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तू सांग ना."

तिनं सांगितलं. सासरे चष्मा पुसत होते. "फिरेल की. आतली बेअरिंग बदलून घे म्हणावं, जुनी तापतील. आणि पायऱ्यांची पुली राहू दे म्हणावं. नवी मोटर लाव, पण पट्टा जुनाच."

"बाबा म्हणतायत, पट्टा राहू दे," ती आत जाऊन म्हणाली.

"बाबांना म्हणावं, तो पट्टा सरकवण्यात माझी अर्धी हयात जाईल. त्यांना काय, मोकळा वेळ आहे."

हे जसंच्या तसं कसं सांगणार? ती बाहेर येऊन म्हणाली, "विचार करतो म्हणाला, बाबा." सासऱ्यांनी मान डोलावली, त्यांना बरं वाटलेलं दिसलं. असं तिचं चाले. इकडची मिरची तिकडे जाईपर्यंत साखर व्हायची. दोघंही खूश. तिला त्यात आपलं कसबच वाटायचं.

पुढच्या आठवड्यात पायऱ्यांच्या पुल्या निघाल्या. त्या जागी एकच दातेरी पट्टा बसला, कधी सरकवायचा नाही असा. भिंतीवर राखाडी डबा आला, त्याला ड्राइव्ह म्हणायचं. त्याच्यावर लाल आकडे आणि एक काळा नॉब. नॉब फिरवला की वेग वाढे, उलटा फिरवला की उतरे. झाकण नाही, पाना नाही, काही नाही. सासरे येऊन उभे राहिले. सवयीनं झाकण उघडून त्यांनी पट्ट्याला हात लावला, आणि बोटं तशीच ठेवून म्हणाले, "हा काय सांगणार? हा सगळ्याला हो म्हणतो."

घाईराव हसला. त्या दिवशी तो खुशीत होता, म्हणून असेल, निरोप्याशिवाय सरळ बापाशी बोलला. "बाबा, एकच नियम. काम झालं की आधी नॉब शून्यावर आणायचा, मग लाल बटण. म्हणजे पुढच्यानं हिरवं दाबलं की मशीन जागचं हलणार नाही, मग हवा तेवढा वेग वाढवायचा. मीही तसंच करणार, तुम्हीही."

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "हे चांगलं आहे," ते म्हणाले. "पट्ट्याला हात लावण्यासारखंच झालं हे. फक्त आधीच्यानं लावायचा." आणि त्या दिवसापासून त्यांनी तो नियम असा पाळला की जणू तो त्यांनीच केला होता. मुलानं आपल्याला काहीतरी शिकवलं आणि आपण ते शिकलो, याचं त्यांना अप्रूप होतं. ठकीला मांडीवर घेऊन सांगत, "तुझा बाप हुशार आहे गं ठकूताई. सांगायला कचरतो, पण हुशार आहे."

वेळ निम्मा झाला. पण कामं तिप्पट आली. दुपारनंतर नवरा माणसात येईल म्हणून जिनं हिशेब केला, तिच्या वाट्याला आली नुसती शिट्टी. जुनं मशीन घरघरायचं, हे शिट्टी वाजवायचं, बारीक, उंच, दात आंबवणारी. ठकीची झोप तिच्यावर टांगलेली, म्हणून तिची आई त्या आवाजाकडे जिवाचा कान करून असे. तिला न बघता कळे, आत काय चाललंय. नॉब खाली आणला की शिट्टी जिना उतरल्यासारखी पायरीपायरीनं खाली येई, गुणगुणे, आणि मग विझे. सासऱ्यांची प्रत्येक वेळी तशीच उतरे. नवऱ्याची बहुतेक वेळा. पण कधी फोन वाजला, कधी कुणी दारात हाका मारायला लागलं की त्याची शिट्टी वरच्या वर तुटे. लाल बटण, आणि माणूस बाहेर.

"आज नाही उतरवलीस," ती एकदा म्हणाली होती.

"परत तेच काम सुरू करायचंय. तोच वेग लागणार. शून्यावर नेऊन परत वर आणू? तू आता फोरमनची बाजू घेणार का?"

"मी कुणाची बाजू घेत नाहीये. बाबा गेले मशीनवर तर?"

"विचारल्याशिवाय जातात का ते?"

जात होतेच. घर त्यांचं, मशीन त्यांचं, विचारायचं कुणाला? पण हा निरोप बापाकडे कसा न्यावा ते तिला सुचेना. तुमचा मुलगा स्वतः केलेला नियम पाळत नाही, असं सांगायचं? त्यात किती साखर घालणार? तिनं तो निरोप पोचवलाच नाही.

मग ते झालं. भर दुपारी.

ठकीची जेवायची उंच खुर्ची डगमगायला लागली होती. खालची पट्टी वाकली होती. ठकीच्या आईनं सकाळीच सासऱ्यांना म्हटलं होतं, "बाबा, हिची खुर्ची हलतेय, बघता का जरा?" आत घाईरावाचं काम चाललं होतं. शिट्टी अगदी वरच्या टोकाला. इतक्यात त्याचा फोन वाजला. शिट्टी तुटली. तो बाहेर आला, पाट्यांवरचा चुरा फुंकत, "आत्ताच्या आत्ता पाहिजेत म्हणे, आलोच," म्हणत त्यानं त्या फडक्यात गुंडाळल्या आणि स्कूटर काढून गेला. गेला तो चप्पल न बदलता गेला.

ती केळं कुस्करत होती. शिट्टी तुटलेली तिनं ऐकली. बाबांना सांगायला हवं, असं मनात आलंसुद्धा. तेवढ्यात ठकीनं केळ्याचा गोळा कानात घातला, आणि मनात आलेलं तिथेच राहिलं.

सासरे पुढच्या खोलीतून आले, खुर्चीच्या जागी बसवायची नवी पट्टी हातात. "ठकूताई, सिंहासन पक्कं करतो हं तुमचं," म्हणाले. आत गेले. पट्टीचं तोंड सपाट करायचं होतं, त्यासाठी रुंद कटर लागतो: आडवा हात, त्याच्या टोकाला एकच पोलादी दात, झाडू मारल्यासारखा गोल फिरणारा. तो सावकाशच फिरवायचा असतो. सासऱ्यांनी तो बसवला, घट्ट आवळला, हलवून बघितला. पट्टी शेगड्यात धरली. नॉब शून्यावर असणारच. मुलाचा नियम होता. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

शिट्टी नव्हती ती. आत कुणीतरी मोठ्यानं हंबरल्यासारखं झालं, पत्र्याचं कपाट थडथडलं, आणि धाडकन काहीतरी आदळलं. तो पोलादी दात सुटून प्लायवूड फोडून स्वयंपाकघरात आला, फ्रिजच्या दाराला पोचा पाडून खाली पडला आणि सतरंजीवर, ठकीच्या पायापासून हातभर अंतरावर, गोल गोल फिरत राहिला. सतरंजीला करपल्याचा तपकिरी डाग पडला. ठकी रडली नाही. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

आईनं तिला कसं उचललं, मागच्या खोलीचं दार कसं उघडलं, तिचं तिलाही आठवत नाही. मशीन थांबलेलं होतं. सासऱ्यांनी लाल बटणावर ठेवलेला हात अजून काढला नव्हता. दुसऱ्या हाताची बाही कोपरापर्यंत फाटली होती आणि तिच्यातून रक्त बोटांवर उतरत होतं. त्यांनी विचारलं एवढंच, "ठकी?"

तिनं तो हात बघितला नाही. किंवा बघितला आणि मनावर घेतला नाही. तिच्या तोंडून बाहेर पडलं ते हे: "बाबा, तुम्हाला दिसत नाही का आता? माझं बाळ बसलं होतं तिथे. हात थरथरतात तर कशाला जाता त्या मशीनपाशी?"

सासऱ्यांचे हात कधीच थरथरत नव्हते. गल्लीतल्या कुणालाही विचारा. पण तिनं म्हटलं आणि त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. त्या क्षणी रक्त वाहणारा हात खरंच थरथरत होता.

तितक्यात स्कूटर वाजली. घाईराव दारात आला, त्यानं बाप बघितला, फुटलेलं प्लायवूड बघितलं, बायकोच्या कडेवरची ठकी बघितली, आणि मग भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं. लाल आकडे लुकलुकत होते, त्यानं जाताना ठेवले होते तेच. ठकीच्या आईनं त्याला ते वाचताना बघितलं. तो डब्याकडे गेला, या दोघांकडे पाठ केली, आणि नॉब शून्यावर आणला.

मग वळून म्हणाला, "बाबा, बटण दाबण्याआधी बघायचं ना. एवढा वर कशाला फिरवलात?"

"मी?" सासरे म्हणाले. "मी फिरवला?"

"मग कुणी?"

माणूस खिसे चाचपतो तसं सासरे स्वतःला चाचपत होते. मग म्हणाले, "लक्षात नाही रे. फिरवला असेन."

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, कसं झालं. मुलानं सांगितलं, मशीनचा वेग चुकून जास्त ठेवला यांनी. डॉक्टर म्हणाले, आजोबा, आता बास करा हे उद्योग, नातवंडं खेळवा. सासऱ्यांनी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली. ठकीची आई दारापाशी उभी होती. तिनं शिट्टी तुटलेली ऐकली होती. नॉब फिरवणारी पाठ बघितली होती. तिला बोलायला तिथे पूर्ण वाव होता. ती ठकीच्या कानातलं वाळलेलं केळं नखानं काढत राहिली.

नणंद आली ती चार दिवसांनी, बॅग घेऊनच. तिला कुणी बोलावलं ते कळलं नाही. बापाचा पट्टी बांधलेला हात बघितला, मागच्या खोलीत जाऊन आली, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली. भाऊ चहा पीत होता. बाबा बाहेरच्या खोलीत, पण दार उघडं.

"बाबांनी नॉब फिरवला?" तिनं भावाला विचारलं.

"ते स्वतःच म्हणतात."

"बाबा काय, तू म्हणालास तर मीच आग लावली म्हणतील. आयुष्यभर या माणसानं पट्टा चाचपल्याशिवाय बटण दाबलं नाही आणि आज नॉब टोकाला नेऊन दाबलं?"

"ताई, वय होतं माणसाचं. तू इथे राहत नाहीस. तुला काय माहीत?"

"बरोबर. मी राहत नाही." ती वळली. "तू राहतेस. तू घरात होतीस. तू काय ऐकलंस?"

नवऱ्यानं कप खाली ठेवला नाही. वर बघितलंही नाही. त्याच्या केसांत चुरा होता आणि तो कपाच्या आत बघत होता, ज्या नजरेनं तो महिनाभर भिंतीकडे बघत बसला होता त्याच नजरेनं. ठकीच्या आईनं ती नजर ओळखली. खरं सांगितलं तर तो परत त्या भिंतीपाशी जाऊन बसेल. आणि मग ठकीचं काय? हे झालं एक. दुसरं तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नाही. नॉब बाबांनी फिरवला नसेल, तर त्या दिवशी दारात उभं राहून ती जे बोलली, ते ती कुणाला बोलली होती?

"मी ठकीला भरवत होते," ती म्हणाली. "लक्ष नव्हतं माझं."

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. सासरे उठले होते. उंबऱ्याशी येऊन ते लेकीला म्हणाले, "जाऊ दे गं. पोरीला कशाला छळतेस? माझंच चुकलं असणार. चल, तुझ्याकडे येतो. माझं सामान थोडंच आहे."

निघताना नणंद तिच्या अगदी जवळ आली. तिला वाटलं, आता ही काहीतरी जहरी बोलणार, आणि खरं तर तिला ते हवंही होतं. पण नणंद म्हणाली, "फाटक लाव आतून," आणि गेली.

मशीन चालू आहे. आतली बेअरिंग आता बदलली, वेग आणखी वाढला. प्लायवूडच्या भोकावर पत्रा ठोकला. घाईराव आता न चुकता शिट्टी पायरीपायरीनं खाली उतरवतो. घरात मशीनला हात लावणारं दुसरं कुणी राहिलं नाही, तरी उतरवतो. अगदी सावकाश, आडोशापलीकडच्या माणसाला ऐकू जाईल इतकी सावकाश. एवढीच त्याची कबुली. ती ऐकते, आणि भाजी चिरत राहते. दोघांत कधी त्यावर शब्द झाला नाही. भांडणही नाही. परवा तो म्हणाला, "ताईला फोन कर, बाबांना म्हणावं, औषध वेळेवर घ्या." तिनं फोन केला. तिला आता सगळ्या निरोपांची सवय झालीये.

सासऱ्यांना भेटायला ती एकदाच गेली. नवरा खाली स्कूटरवर बसून राहिला, पार्किंगला जागा नाही म्हणाला. जागा भरपूर होती. सासरे गॅलरीत खुर्चीवर बसले होते, हात मांडीखाली दडपून, थंडी वाजत असल्यासारखे. उन्हाळ्याचे दिवस होते. टाके सुकले होते. बोलणं बरं चाललं होतं, ठकी चालायला लागली, दात आले, असं. मग ठकीनं आजोबांना ओळखलं आणि त्यांच्याकडे झेप घेतली. तिनं पोरीला पुढे केलं.

सासरे खुर्चीसकट मागे सरकले. "नको. माझ्या हातात नको. खाली ठेव तिला."

"अहो बाबा, काही होत नाही. घ्या ना."

"पडेल," ते म्हणाले. "हात थरथरतात माझे."

हात मांडीखालीच होते. थरथरतात की नाही कुणाला दिसणार? ठकी ओरडली, मग रुसली, मग आईच्या खांद्यावर तोंड खुपसून बसली. चहा आला. लेकीनं कप त्यांच्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला, आणि ते वाकून, ओठ कपाला लावून प्यायले. सवयीचं झालेलं दिसत होतं. नणंद दुसरीकडे बघत होती.

"गल्लीत काय म्हणतात? कुणी येतं का काही घेऊन?" त्यांनी मधेच विचारलं.

"येतात. मी सांगते, बाबा ताईंकडे गेलेत."

"बरं केलंस. बिघडवून ठेवीन कुणाचं." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, लेकीला ऐकू जाऊ नये असे म्हणाले, "एक विचारू? तू पलीकडेच होतीस म्हणून. तो नॉब मीच फिरवला ना? मला काही केल्या आठवत नाही. मला आठवतं ते फक्त हिरवं बटण. हात तर दुसरीकडे गेलाच नव्हता असं वाटतं. पण मग आठवणच गेली म्हणायची का माझी?"

कुणी दोन वाक्यांत त्या माणसाला त्याचे हात परत देऊ शकलं असतं. खालून स्कूटरचा हॉर्न वाजला.

"आता कशाला ते, बाबा," ती म्हणाली. "झालं गेलं." आणि ठकीचे बूट शोधायला लागली.

त्यानंतर ती गेली नाही. जायचं ठरवते, ठकीला कपडे घालते, आणि काहीतरी निघतं. ती जाईल असं समजून थांबण्यात अर्थ नाही. नवरा जाणार नाहीच. नणंद रोज सकाळी कामावर जाते ती संध्याकाळी येते, आणि तोवर फोरमन त्या गॅलरीत एकटे असतात. टायरच्या दुकानामागची इमारत, तिसरा मजला, दारावर पाटी नाही. तुमचं त्या बाजूला जाणं होत असेल तर जिना चढून एकदा बघून या. नॉब कुणी ठेवला होता ते तुम्हाला आता माहीत आहे, ते त्यांना सांगा. विश्वास ठेवणार नाहीत, दुसऱ्यांदा सांगा. आणि पाणी मागा. उठून आणतात का, आणि पेला हातात धरून आणतात का, तेवढं बघा.